गोळीनेच दुखणारं डोकं: अर्धशिशीच्या रुग्णांनी वेदनाशामकांच्या फेऱ्यातून कसं बाहेर पडायचं

महिन्यातून तीन-चारदा उठणारी अर्धशिशी हळूहळू पंधरा-वीस दिवसांवर गेली आहे. सकाळी जाग येते तीच जड डोक्याने. गोळी घेतली की चार-पाच तास बरं वाटतं आणि मग पुन्हा ठणका सुरू. असं होत असेल तर आणखी जोरदार गोळी शोधण्याआधी भिंतीवरचं कालनिर्णय काढा आणि गेल्या तीन महिन्यांत किती दिवस गोळी घेतली ते आठवून मांडा. बऱ्याच जणांचं उत्तर तिथेच सापडतं. दुखणं थांबवण्यासाठी घेतलेली गोळीच आता दुखणं चालू ठेवत असते.

याचे निकष ठरलेले आहेत. महिन्यातले १५ किंवा त्याहून जास्त दिवस डोकं दुखतं आणि तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ औषधाचा अतिवापर चालू आहे, तर ही औषधाच्या अतिवापराची डोकेदुखी. अतिवापर कशाला म्हणायचं हे गोळीवर ठरतं. नुसतं पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेन असेल तर महिन्याला १५ दिवस. सुमाट्रिप्टान-रिझाट्रिप्टानसारखे ट्रिप्टान आणि अर्गोटामिन (ही खास अर्धशिशीसाठीची औषधं), ट्रामाडॉल-कोडीनसारखी अफूवर्गीय औषधं आणि दोन-तीन औषधं एकत्र केलेल्या गोळ्या यांची मर्यादा मात्र १० दिवसांचीच. आज एक, उद्या दुसरी असं आलटून-पालटून घेत असाल तरी सगळे दिवस मिळून १०च धरायचे.

मोजायचे ते दिवस, गोळ्या नव्हेत. एका मोठ्या दुखण्यात दिवसभरात तीन गोळ्या घेतल्या तर तो एक दिवस झाला. रोज सकाळी चहाबरोबर अर्धीच गोळी घेतली तर महिन्याचे तीस दिवस झाले. "मी तर फक्त अर्धीच घेते" म्हणणाऱ्या बाईचं डोकं बहुतेक वेळा याच कारणाने रोज दुखत असतं.

गोळी कशासाठी घेतली हेही पाहायचं नाही. गुडघ्यासाठी, पाळीच्या पोटदुखीसाठी, दाढेसाठी घेतलेली वेदनाशामक गोळी आणि दवाखान्यात टोचून घेतलेलं डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन, सगळं हिशेबात धरा. ज्यांना अर्धशिशी नाही त्यांना सांधेदुखीसाठी रोज गोळ्या घेऊनही सहसा ही डोकेदुखी होत नाही. अर्धशिशीचा मेंदू मात्र त्याच गोळ्यांनी बिघडतो. बाम, उलटीची गोळी, आम्लपित्ताची गोळी आणि डॉक्टरांनी रोज घ्यायला दिलेली प्रतिबंधक औषधं यात धरायची नाहीत. हृदयासाठी चालू असलेलं ७५ मिलिग्रॅमचं ॲस्पिरिनही या भानगडीत येत नाही, ते स्वतःच्या मनाने कधीच बंद करू नका.

आपल्याकडे या हिशेबात एक मोठी अडचण येते. दुखण्याला अर्धशिशी म्हणून कुणी ओळखलेलंच नसतं. पित्त उठलं, सायनस आहे, चष्म्याचा नंबर वाढला असेल, यातच वर्षं जातात. उलटी झाल्यावर डोकं उतरतं म्हणजे पित्तच, असं घरोघरी समजतात. पण अर्धशिशीतही उलटीनंतर आराम पडणं अगदी नेहमीचं आहे. मग सकाळी आम्लपित्ताची गोळी, दुपारी डोकेदुखीची गोळी असं वर्षानुवर्षं चालतं आणि त्यातली दुसरी गोळी कुणी मोजतच नाही.

पाकीट उलटं करून वाचा

मेडिकलवाला कात्रीने पट्टी कापून दोन गोळ्या हातात ठेवतो, तेव्हा औषधाचे घटक लिहिलेला भाग बहुतेक वेळा त्याच्याकडच्या तुकड्यावर राहतो. त्यामुळे आपण काय गिळतो आहोत हे कित्येकांना ठाऊकच नसतं. दुकानात अख्ख्या पट्टीच्या मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढून घ्या आणि घटक वाचा.

सॅरिडॉनच्या एका गोळीत पॅरासिटामॉल २५०, प्रोपिफेनाझोन १५० आणि कॅफिन ५० मिलिग्रॅम असतं. म्हणजे ती एकत्रित गोळी झाली, मर्यादा १० दिवस. व्हॅसोग्रेनमध्ये अर्गोटामिन १, कॅफिन १००, पॅरासिटामॉल २५० आणि प्रोक्लोरपेराझिन २.५ मिलिग्रॅम. काँबिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५. डोलो ६५० मात्र नुसतं पॅरासिटामॉल. दिवसात काँबिफ्लाम, सॅरिडॉन आणि डोलो अशी तीन नावं घेणाऱ्याने तिन्ही वेळा पॅरासिटामॉलच घेतलेलं असतं, यकृतावर भार पडतो तो यातून.

यातल्या अर्गोटामिनबद्दल जास्त काळजी वाटते, कारण ही गोळी आपल्याकडे चिठ्ठीशिवायही सर्रास मिळते. तिने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. हातापायाची बोटं बधिर, थंड किंवा निळसर पडत असतील तर ती लगेच बंद करून डॉक्टर गाठा. अर्गोटामिनबरोबर क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविकं घेतली तर रक्तपुरवठा तुटेपर्यंत वेळ येऊ शकते. घशासाठी, छातीसाठी औषध लिहून घेताना हे सांगायलाच हवं. अर्गोटामिन आणि ट्रिप्टान यांच्यात निदान २४ तासांचं अंतर लागतं, आणि गरोदरपणात अर्गोटामिन वर्ज्य आहे.

असं का होतं

अर्धशिशीत चेहरा-कपाळाकडून मेंदूकडे वेदना नेणारी ट्रायजेमिनल यंत्रणा मुळातच हळवी असते. वेदनाशामकं वारंवार पोहोचत राहिली की मेंदूची वेदना दाबून धरणारी स्वतःची व्यवस्था दुबळी पडते आणि वेदनेचा उंबरठा खाली येतो. पूर्वी जो आवाज, जो उन्हाचा तडाखा सहन व्हायचा, तो आता दुखणं उठवतो. केस विंचरताना किंवा अंबाडा बांधताना डोक्याची कातडी दुखणं, उशीवर टेकलेली बाजू हुळहुळणं ही या हळवेपणाची घरी ओळखता येणारी खूण आहे. त्यात गोळीचा अंमल उतरला की माघारीची डोकेदुखी उठते, ती थांबवायला पुढची गोळी, आणि फेरा चालू राहतो. यात मनाच्या कमकुवतपणाचा काही संबंध नाही. घरच्यांनी "गोळ्यांचं व्यसन लागलंय" म्हणून टोमणे मारू नयेत. त्याने रुग्ण गोळ्या लपवून घ्यायला लागतो आणि नोंद खोटी होते.

घरी कुणी करू नये

ट्रामाडॉल, कोडीन किंवा पेंटाझोसिनची इंजेक्शनं आणि अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या महिन्यातले बरेच दिवस चालू असतील तर त्या एकदम बंद करायच्या नाहीत. झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते, कधी दवाखान्यात राहूनही. गरोदर बाया, हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार किंवा नैराश्य असलेले, आणि आधी दोनदा प्रयत्न फसलेले, यांनीही न्यूरॉलॉजिस्टला (मेंदूविकारतज्ज्ञाला) सोबत घेऊनच सुरुवात करावी.

डोकं अचानक क्षणात फुटेल असं दुखणं, तापाबरोबर मान आखडणं, हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, नजर जाणं, मार लागल्यानंतरचं दुखणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं: यातलं काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी तपासणी करून घ्या.

तयारी: दोन ते चार आठवडे

गोळ्या अमुक तारखेला बंद म्हणून नुसतं ठरवणाऱ्यांचा निश्चय बहुधा तिसऱ्या दिवशी मोडतो. आधी पाया घालावा लागतो, आणि त्यातला सर्वांत मोठा दगड म्हणजे प्रतिबंधक औषध. हे रोज घ्यायचं असतं. दुखणं उठल्यावर नव्हे, तर उठू नये म्हणून. डॉक्टर बहुधा यातलं एखादं निवडतात. प्रोप्रानोलॉल दिवसाला ४० मिलिग्रॅमपासून वाढवत नेतात, दमा असलेल्यांना ते चालत नाही. ॲमिट्रिप्टिलीन रात्री १० मिलिग्रॅमपासून. झोप नीट नसणाऱ्यांना हे बरं पडतं. तोंड कोरडं पडतं आणि सकाळी सुस्ती राहते, म्हणून झोपताना न घेता आठ-साडेआठला घ्यावं. टोपिरामेट २५ मिलिग्रॅमपासून दर आठवड्याला वाढवत दिवसाला १०० पर्यंत. बोटांना मुंग्या येतात, मुतखड्याचा धोका असतो म्हणून पाणी भरपूर लागतं आणि गर्भधारणेची शक्यता असेल तर ते नको. फ्लुनारिझिन रात्री ५ ते १० मिलिग्रॅम आपल्याकडे पुष्कळ लिहितात. त्याने वजन वाढतं आणि मन खिन्न होऊ शकतं, पूर्वी नैराश्य येऊन गेलं असेल तर आधीच सांगा. दुखणं जुनं असेल तर दर १२ आठवड्यांनी ३१ जागी मिळून १५५ युनिट बोटुलिनम टॉक्सिनची (बोटॉक्सची) इंजेक्शनं हाही मार्ग आहे.

यातलं कुठलंही औषध पहिल्या आठवड्यात जादू करत नाही. पुरेशा मात्रेवर पोहोचल्यावर ८ ते १२ आठवडे द्यावे लागतात. "दहा दिवस घेतलं, काही फरक नाही" म्हणून सोडलेलं प्रतिबंधक औषध हे फेरा न तुटण्याचं फार मोठं कारण आहे.

गोळ्या पूर्ण थांबवाव्यात की कमी कराव्यात? डेन्मार्कच्या डोकेदुखी केंद्राने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन महिने वेदनाशामकं पूर्ण बंद ठेवणाऱ्यांना आठवड्याला दोन दिवसांची मुभा असलेल्यांपेक्षा जास्त फायदा झाला. त्याच केंद्राच्या २०२० सालच्या अभ्यासात गोळ्या बंद करणं आणि प्रतिबंधक औषध पहिल्याच दिवसापासून देणं, ही जोडी सरस ठरली. अमेरिकेतल्या २०२२ सालच्या मोठ्या चाचणीत मात्र प्रतिबंधक औषध चालू असेल तर जुनी गोळी लगेच बंद केली काय किंवा नाही काय, निकालात फरक दिसला नाही. याचा व्यवहारात अर्थ असा की जमत असेल तर दोन्ही एकत्र करा, पूर्ण बंद करणं आज अजिबात शक्य नसेल तर प्रतिबंधक औषध तरी आजच सुरू करून घ्या. वाट पाहत बसू नका.

तारीख निवडताना पंधरा दिवसांची मोकळी पट्टी बघा. त्यात गौरी-गणपती, दिवाळी, घरातलं लग्न, मुलांच्या परीक्षा किंवा ऑफिसचं मार्चअखेरचं काम नको. पाळीच्या आसपास दुखणं वाढत असेल तर पाळी संपल्यावर दोन दिवसांनी सुरुवात करा. पहिले चार दिवस रजा टाका. मुलांचे डबे आणि स्वयंपाक कोण बघणार हे आधीच नावानिशी ठरवा. ही व्यवस्था न झाल्यामुळेच बायका दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यापाशी उभ्या राहून गोळी घेतात, आणि अर्धशिशी पुरुषांपेक्षा बायकांमध्ये सुमारे तिप्पट आढळते.

चहाकडेही आधीच बघायला लागतं. व्हॅसोग्रेनच्या दोन गोळ्या रोज घेणाऱ्याच्या पोटात २०० मिलिग्रॅम कॅफिन जात असतं. ते बंद झालं की १२ ते २४ तासांत कॅफिनची स्वतःची डोकेदुखी सुरू होते आणि ती आठवडाभरही टिकू शकते. त्यात चहाही त्याच दिवशी सोडला तर हाल दुप्पट. म्हणून त्या पंधरवड्यात चहा सोडू नका. दोन कप, ठरलेल्या वेळी, रोज तेवढेच. कमी करायचा असेल तर गोळ्यांच्या तारखेच्या दोन आठवडे आधीपासून दर तीन-चार दिवसांनी अर्धा कप उतरवा.

नोंदीला ॲपची गरज नाही, कालनिर्णयाचा चौकोन पुरतो. दुखलं तर टिंब, काम सोडून झोपावं लागलं तर टिंबाभोवती गोल, गोळी घेतली तर लाल पेनाने तिचं पहिलं अक्षर. उपवास, जागरण किंवा पाळी असेल तर कोपऱ्यात खूण. एवढंच. फार तपशील मागणारी वही कुणी आठवड्यापलीकडे भरत नाही.

गोळ्या बंद केल्यावर

साध्या आणि एकत्रित वेदनाशामक गोळ्या, ट्रिप्टान, अर्गोटामिन हे एका दिवशी पूर्ण बंद करता येतात. आदल्या रात्री घरातल्या सगळ्या पट्ट्या गोळा करा. पर्स, गाडीचा कप्पा, ऑफिसचं ड्रॉवर, देवघराजवळचा डबा, सगळीकडच्या. त्या घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या. शेजारणीलाही सांगून ठेवा. "अगं, एक घे, काही होत नाही" हे वाक्य हमखास तिच्याकडून येतं, आणि ती प्रेमानेच म्हणते.

पुढचे दिवस वाईट जाणार. डोकं नेहमीपेक्षा जास्त दुखतं, मळमळतं, उलट्या होतात, झोप लागत नाही, जीव घाबरा होतो. हे बहुतेकांना दोन ते दहा दिवस राहतं. ट्रिप्टान घेणारे सरासरी चार दिवसांत सुटतात, अर्गोटामिनवाले सुमारे सात, साध्या वेदनाशामकांवर असलेले नऊ-दहा दिवसांत. सर्वांत कठीण दिवस साधारण दुसरा ते चौथा. त्या वेळी "उपचार उलटले" असं वाटून जुनी गोळी घेतली जाते आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतात. त्रास वाढणं ही औषध उतरत असल्याची अपेक्षित पायरी आहे.

हे दिवस पार पडावेत म्हणून डॉक्टरांकडून काही तात्पुरती औषधं मागून घ्या. जुनी गोळी नॅप्रोक्सेनच्या जातीची नसेल, आणि अल्सर, दमा किंवा मूत्रपिंडाचा त्रास नसेल, तर नॅप्रोक्सेन ५०० मिलिग्रॅम जेवणानंतर दिवसातून दोनदा असं पाच ते दहा दिवस ठरवून देतात. ते दुखो न दुखो, घड्याळाप्रमाणे घ्यायचं आणि ठरल्या दिवशी थांबवायचं. मळमळीसाठी डोम्पेरिडोन १० मिलिग्रॅम दिवसातून तीनदापर्यंत, आठवड्याच्या वर नाही, हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असेल तर नाही. काही डॉक्टर मानेमागच्या ऑक्सिपिटल नसेजवळ भुलीचं इंजेक्शन देतात, त्याने काहींना बरे दिवस मिळतात.

उलट्यांनी पाणी कमी झालं की डोकं आणखी ठणकतं. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण रिकामं करा. अर्धं पाकीट अर्ध्या ग्लासात असा अंदाजपंचे कारभार नको. घोट घोट दिवसभर घ्या. मऊ भात, पेज, पातळ ताक, मुगाचं कढण पचतं. चार तासांपेक्षा जास्त उपाशी राहू नका. संकष्टी, एकादशी किंवा नवरात्राचा उपवास या काळात करू नका. चंद्रोदयापर्यंत ताटकळलेलं पोट अर्धशिशीवाल्याला जवळजवळ हमखास आडवं करतं. कपड्यात गुंडाळलेला बर्फ कपाळावर किंवा मानेवर पंधरा मिनिटं ठेवा. खोली अंधारी ठेवा, पण दिवसभर पडून राहू नका. संध्याकाळी ऊन उतरल्यावर वीस मिनिटं सावकाश चाला, म्हणजे रात्री झोप येते. उलट्या दिवसभर थांबेनात, लघवी होईना, बडबड सुरू झाली किंवा झटका आला तर थेट रुग्णालय.

दोन महिन्यांनंतर

मेंदूचा हळवेपणा उतरायला साधारण दोन महिने लागतात. तोवर निकाल लावू नका. दोन महिन्यांनी कालनिर्णयाची पानं शेजारी-शेजारी ठेवा. दुखण्याचे दिवस कमी झालेले असतील आणि जे उरले आहेत ते एका बाजूचे, सुटे, स्पष्ट सुरुवात-शेवट असलेले असतील, तर मूळची अर्धशिशी वेगळी दिसायला लागली. तीच आता नीट उपचार करण्याजोगी आहे. दिवस काहीच कमी झाले नाहीत तर निदान पुन्हा तपासून घ्यायला हवं.

यापुढे गोळी पूर्ण वर्ज्य नसते. आठवड्यातून जास्तीत जास्त दोन दिवस, महिन्यात आठ. त्यातले काही पाळीसाठी राखून ठेवा. गोळी घ्यायची तर दुखणं सौम्य असतानाच आणि पूर्ण मात्रेत: नॅप्रोक्सेन ५००, किंवा आयब्युप्रोफेन ४००, किंवा पॅरासिटामॉल १००० मिलिग्रॅम, गरज असेल तर उलटीच्या गोळीसह. अर्धी घेऊन बघू, मग उरलेली, या पद्धतीत दुखणं आटोक्यात येत नाही आणि गोळीचे दिवस मात्र वाढतात. त्याने भागत नसेल तर सुमाट्रिप्टान ५० मिलिग्रॅम, हृदयविकार, पक्षाघात किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब यात ते चालत नाही. प्रोप्रानोलॉल चालू असताना रिझाट्रिप्टान १० ऐवजी ५ मिलिग्रॅमच घ्यावं लागतं, कारण रक्तात त्याचं प्रमाण वाढतं. ज्या गोळीचा अतिवापर झाला होता ती शक्यतो परत आणू नका, विशेषतः कॅफिन किंवा अर्गोटामिन असलेली.

महिन्याचे गोळीचे आठ दिवस संपले आणि नववं दुखणं आलं, तर तो दिवस बर्फ, अंधार, उलटीची गोळी आणि झोप यांवरच काढायचा. पुन्हा घसरण होते ती बहुतेक पहिल्या वर्षातच, म्हणून तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्याला कालनिर्णयाची पानं डॉक्टरांना दाखवा. लाल अक्षरं सलग दोन महिने आठच्या वर गेली तर ठरलेल्या भेटीची वाट न बघता त्याच आठवड्यात जा. तेव्हा बहुधा प्रतिबंधक औषधाची मात्रा वाढवूनच भागतं. प्रतिबंधक औषध बरं वाटायला लागलं म्हणून तिसऱ्या महिन्यात बंद करू नका. साधारण सहा ते बारा महिने स्थिर गेल्यावर डॉक्टर ते हळूहळू उतरवतात. प्रोप्रानोलॉल तर एकदम कधीच थांबवायचं नाही.